न रडण्याची नऊ वर्षं

माझ्या थोरल्या जावेच्या तोंडाला अख्खं गाव घाबरायचं. थोरल्या दिराच्या बायकोला आमच्याकडे मायगुरू म्हणतात, म्हणून मी तिला मायगुरू म्हणे. बाकीच्यांसाठी ती माय रेवाय, म्हणजे रेवायची आई. पोरगी जन्मली तेव्हा विहिरीवर कुजबुज झाली की रंग काही बापावर गेलेला नाही. ते हिच्या कानावर आलं आणि हिने पोरीचं नावच रेवाय ठेवलं. रेवाय म्हणजे 'करा चहाड्या'. आता पोरीला हाक मारायची तर शेजारणींना आपल्याच तोंडाने आपलं माप काढावं लागे. तेवढ्यानेही पोट भरलं नाही म्हणून कुत्रा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं मुचानेता, 'थकाल एक दिवस'. रोज संध्याकाळी शेजारच्या अंगणाकडे तोंड करून ही ओरडायची, "थकाल एक दिवस! ये रे, ये, थकाल एक दिवस!" मग शेजारणीनेही कुत्रा आणला. त्याचं नाव 'आम्ही नाही थकत'. दोन्ही कुत्री एकाच उकिरड्यावर गुण्यागोविंदाने खायची, आणि त्यांच्या नावांवर दोन बायकांची तोंडं चालायची.

अशी ही बाई पुढे नऊ वर्षं रानात डोहाकाठी बसून राहिली आणि शहाणी झाली. खरोखरची शहाणी. तिच्यापाशी दोन घटका बसलं की माणूस हलका होऊन उठायचा. मी स्वतः उठलेली आहे. पण हे सगळं एका खोट्यावर उभं होतं आणि ते खोटं मी रचलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भलीबिली समजायला नको.

मी त्या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि रेवाय सोळाची. तिचा बाप खाणीत दगडाखाली गेलेला. घरात राज्य माझ्या नणंदेचं, तेते एनियाचं. नवऱ्याच्या बहिणीला, तेतेला, आमच्यात पुरुषाचा मान असतो. ती बसली की वहिन्या गुडघ्यांवर, ती बोलली की भाऊसुद्धा टोपी काढून ऐकणार. या तेतेने रेवायला गिरणीवाल्या मुकोंडोला द्यायचं ठरवलं. मुकोंडोला बायका दोन होत्या आणि दात चार. देज म्हणून त्याच्या गाई आगाऊ येऊन आमच्या गोठ्यात बांधल्यासुद्धा होत्या.

"काकू, मी विष घेईन," रेवाय चुलीपाशी मला म्हणाली.

"विष कशाला? त्याच्या तोंडाचा वास पुरे आहे."

"चेष्टा नको ना गं."

"मग पळून जा. तुझा तो बसवाला आहे ना, तिकिटं फाडणारा."

"तिकडे मुतारे शहरात तेतेचे तीन मुलगे आहेत. आठ दिवसांत झिंज्या धरून परत आणतील."

मी मक्याच्या पिठाचा सादझा घोटत होते. हात थांबवून सहज म्हणून गेले, "मग कोणी शोधायलाच निघणार नाही असं काहीतरी कर. न्यामुतुरावर कपडे ठेवून जा. म्हणतील न्झुझूने नेली."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. मीही हसले. देवाशपथ सांगते, तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

न्यामुतुरा हा आमच्या डोंगराच्या कुशीतला डोह. भोवतीच्या रानात तोड बंद. वाळकी काटकीसुद्धा तिथून कोणी उचलत नाही. डोहात न्झुझू राहतात, वरून बाई आणि कमरेखाली मासा. एखादं माणूस त्यांच्या मनात भरलं की त्या त्याला खाली नेतात, मुळ्या-सालींची सगळी विद्या शिकवतात आणि काही वर्षांनी परत पाठवतात. आमच्याकडचे मोठमोठे वैदू असेच झाले. अट एकच, घरच्यांनी रडायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. रडलात तर माणूस मेलेलं परत मिळतं. त्यामुळे डोहावर कपडे सापडले की आमच्यात कोणी पाण्यात गळ टाकत नाही आणि पोलिसांकडेही जात नाही. शोधणं म्हणजे शंका घेणं, आणि शंका म्हणजे अर्धं रडणंच.

थंडीतल्या एका सकाळी काठावर बादली सापडली आणि शेजारी निळा झगा, व्यवस्थित घडी घातलेला. झगा तसाच भिरकावून दे म्हणून मी बजावलं होतं, पण पोरगी नीटनेटकी. मायगुरू धावत आली. झगा बघितला आणि तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात तेतेने मागून येऊन ते तळहाताने दाबून धरलं.

"आवाज नाही," तेते म्हणाली. "एक थेंब पडला तर पोर तू मारलीस. ऐकलंस? न्झुझूने नाही. तू."

मायगुरू गुदमरत होती, डोळे बाहेर यायला लागले होते. तिचा उजवा हात तेतेने पिरगाळून धरला होता आणि डावा मी.

मुकोंडोचं काय होणार याची मला धास्ती होती, पण तेते ती तेतेच. ती त्याला म्हणाली, "गाई राहू देत. आत्ता तू नुसती पोरगी नेत होतास, आता वैदूबाई मिळेल. थांब जरा." म्हातारा चार वर्षं थांबला आणि थांबता थांबता मेला. गाई आमच्याच गोठ्यात व्यायल्या.

घरात मग मायगुरूच्या डोळ्यांवर पहारा बसला. रोज सकाळी तेते तिची हनुवटी वर करून पापण्या तपासायची. चुलीचा धूर डोळ्यांत जाईल म्हणून तिला चुलीपाशी बसू देत नसत. कांदा चिरायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. गावात मयत झालं की तिला त्याच घटकेला रानात पिटाळत. तिची स्वतःची आई वारली तेव्हा तिला माहेरी जाऊ दिलं नाही. तेतेचं म्हणणं सरळ होतं. "आईसाठी रडतेय की पोरीसाठी, हे न्झुझूंना कोण समजावणार?"

अशा घरापेक्षा डोह बरा म्हणून ती डोहावर जाऊ लागली. सोबत नाचणीची बिअर आणि तपकीर न्यायची, काठावर ओतायची. पण खोड जाते कुठे! पहिले सहा महिने ती डोहाशीही भांडली. मी आठवड्याला पीठ घेऊन जायचे तेव्हा लांबूनच आवाज यायचा. "तुम्हाला पोरी होत नाहीत का गं, मासळ्यांनो? दुसऱ्याच्या कशाला ओढता? पाठवा वर! निदान नाक तरी दिसू दे!"

त्या रानाचे नियम आहेत. फळ आंबट निघालं तर आंबट म्हणायचं नाही, मुकाट्याने गिळायचं. काही अजब दिसलं तर बोट दाखवायचं नाही आणि 'अगंबाई' म्हणायचं नाही. वाट चुकलो असं मोठ्याने बोललं तर खरोखरच चुकते. हे नियम मोडणारी माणसं सापडत नाहीत अशी आमची समजूत आहे. मायगुरूने भांडण सोडून दुसरं काही आयुष्यात केलं नव्हतं, आणि इथे तर कुरकूर करायलाही मनाई. शिव्या द्यायला समोर फक्त पाणी आणि पाणी काही उलट बोलत नाही. हळूहळू तिचा पट्टा थंडावला. दुसऱ्या वर्षी तिने बंदीच्या रानाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे झोपडी घातली आणि घरी यायची ती फक्त पेरणीला आणि कापणीला.

तिसऱ्या वर्षी एकदा मी पीठ घेऊन गेले तर ती झाडाकडे बघत बसली होती. तिथे कोंडो पक्ष्याने घरटं केलं होतं. तपकिरी रंगाचा, डोक्यामागे शेंडी असलेला हा पक्षी आमच्याकडे कोणी मारत नाही. त्याचं घरटं म्हणजे केवढं, माणूस आत बसेल एवढं. काडी काडी आणून चार महिने बांधतो.

"काल घुबड येऊन आत बसलं," मायगुरू म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. कोंडोने थोडा वेळ बघितलं आणि पलीकडच्या झाडावर दुसरं बांधायला घेतलं. मी असते तर घुबडाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. याने काडी उचलली."

एवढंच बोलली. मला मनातून हसू आलं, की बाई पक्ष्यांकडून शिकायला लागली. पण त्या दिवशी घरी आल्यावर, का कोण जाणे, नवऱ्याशी भांडायचं राहूनच गेलं.

रेवायचा निरोप वर्षातून एखाद्या वेळी बसवाल्याकडून यायचा. आधी ती खानावळीत होती, मग बिअरच्या दुकानात. एकदा तिने आईसाठी डोक्याला बांधायचा रुमाल पाठवला, पिवळा, कडेला लाल फुलं. तो देऊ कसा? मी स्वतःच्याच डोक्याला बांधला आणि डोहावर गेले. मायगुरूने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "छान आहे. नवऱ्याने आणला?" मी हो म्हटलं. मी उलट निरोप धाडला की तुझी आई डोहाकाठी बसून असते, एकदा तरी येऊन जा. उत्तर आलं, पुढच्या नाताळला. आमच्याकडची शहरात गेलेली सगळीच माणसं पुढच्या नाताळला येणार असतात.

तोंड का उघडलं नाही, असं विचाराल. बोलले असते तर तेतेने मला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं, आणि तिथे माझी पोरं माझ्याबरोबर आली नसती. आमच्यात पोरं बापाच्या घराची. तेव्हा माझी तीन झाली होती. मायगुरूच्या एका पोरीपुढे माझी तीन ठेवली आणि मूग गिळून बसले. वजनाला माझीच बाजू जड वाटायची.

सहाव्या वर्षी तो मोठा दुष्काळ पडला. गुरं मेली. न्यामुतुरा कधी आटत नाही असं म्हणत, तोही आटला. आधी छातीएवढा, मग गुडघ्याएवढा, शेवटी तळाच्या चिखलात चार मासे तडफडत होते आणि सगळ्या गावाने डोहाचा तळ बघितला. दगड, चिखल, कोणाचा तरी जुना टायर. पोरगी नाही आणि न्झुझूही नाहीत. मला वाटलं, संपलं, आता फुटणार सगळं. पण तेतेने तळाच्या खडकाखालची फट दाखवली. "त्या आत गेल्या, खोल. त्या काय तुमच्यासाठी उन्हात वाळत बसणार होत्या?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाण्यापेक्षा आमची समजूत खोल होती.

मायगुरू मात्र त्या तळाकडे बघत शांत होती. मी भीत भीत विचारलं, "मायगुरू, काय वाटतं?"

"पहिली तीन वर्षं मी तिच्यासाठी यायचे," ती म्हणाली. "आता नुसती येते."

"म्हणजे?"

"म्हणजे येते. सकाळ होते, पाखरं उठतात, मी असते. पोर येईल तेव्हा येईल. आता मी कोणाकडे काही मागत नाही, सेकेसाय." सेकेसाय म्हणजे मी. ती शिवीशिवाय माझं नाव घेऊ लागली त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं आणि मला ते त्या दिवशी जाणवलं.

दुष्काळानंतर माणसं तिच्याकडे जाऊ लागली. ती काढेबिढे फारसे देत नसे, देवाचं नावही विशेष घेत नसे. जो येईल त्याला शेजारी बसवायची आणि आपण पाण्याकडे बघत राहायची. नवऱ्याने टाकलेल्या, पोर गेलेल्या बाया दिवसभर बसून जायच्या. 'आम्ही नाही थकत'वाली शेजारीणही गेली. तिचा मुलगा शहरात तुरुंगात पडला होता. दोघी सकाळपासून दुपारपर्यंत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शेजारीण परत आली ती चेहरा धुतल्यासारखा घेऊन. तेते ओढ्याच्या वाटेवर स्टूल टाकून बसायची आणि येणाऱ्याकडून एकेक कोंबडी ठेवून घ्यायची. "माझ्या भाचीमुळे तर हे सगळं," असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

नवव्या वर्षी, मुसासाच्या झाडांना लाल पालवी फुटते त्या दिवसांत मी पीठ घेऊन गेले. मायगुरू दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी घाबरले.

"कोणाला सांगणार नाहीस?" तिने विचारलं.

मला सांगायची सवयच नव्हती. मी मान हलवली.

"काल सकाळी मी रडले."

मी पिठाची टोपली खाली ठेवली.

"पाणमांजराने पिल्लं घातलीत पलीकडच्या काठाला," ती सांगू लागली. "तीन आहेत. आई एकेकाला मानेला धरून पाण्यात टाकत होती, पोहायला शिकवायला. ती ओरडत होती, बुडत होती, आणि मग पोहली. डोंगरावर सगळा मुसासा लाल झालेला, त्यावर ऊन आलं. मी बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःख नव्हतं गं. शपथ घेते, रेवाय माझ्या मनातसुद्धा नव्हती. पोटभर जेवल्यावर कसं वाटतं तसं वाटत होतं सगळ्या अंगाला. कितीतरी वेळ वाहत होतं." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "हे रडणं धरतील का?"

"छे," मी म्हटलं. "धूर लागल्यावर येतं तसंच ते."

एवढी उजळलेली बाई मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मला तिचा हेवा वाटला. तिच्या आयुष्याची माती मी केली होती आणि हेवाही मलाच वाटत होता, बोला.

सहा आठवड्यांनी रेवाय परत आली.

पावसाळी पहाटे पुलाखाली, नदीच्या वाळूवर, गुरं नेणाऱ्या माणसांना ती सापडली. वर रस्त्यावर कोणत्या तरी ट्रकवाल्याने तिला उतरवलं असणार आणि ती पाणी प्यायला खाली घसरली असणार. चिंब भिजलेली, हाडांवर नुसतं कातडं, रंग उतरलेला, तोंडात फोड. त्या वर्षांत घरोघर हा आजार होता आणि कोणी त्याचं नाव घेत नसे. पण नदीतून भिजून आलेली, पांढुरकी पडलेली पोर म्हणजे काय, हे आमच्या गावाला सांगावं लागत नाही. तिच्या अंगात शहरी स्कर्ट होता, बाजूला चेन असलेला. "न्झुझू कपडे देतात वाटतं," शेजारीण म्हणाली, आणि कोणी हसलं नाही.

दोन दिवस ती आमच्याकडे होती. मायगुरूने तिला लहान मुलासारखं न्हाऊमाखू घातलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. "बोलेल," ती सगळ्यांना सांगत होती. "खालून आलेली माणसं लगेच बोलत नाहीत." दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुळी उकळायला डोहाचं पाणी आणायला गेली, आणि रेवायने डोळे उघडले.

"काकू."

"बोलू नकोस."

"मी गेल्यावर आई रडली का गं?"

मी तिचा हात धरला आणि अभिमानाने सांगितलं, "एकदाही नाही. नऊ वर्षांत एक थेंब नाही!" आमच्या गावात कुठल्याही पोरीला आईबद्दल याहून मोठं काही सांगता आलं नसतं. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही डोहातून आलेली नाही, शहरातून आलेली आहे.

"एकदाही नाही," ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते परत इकडे वळलं नाही. मायगुरू पाणी घेऊन आली तेव्हा ती गेलेली होती.

पुरून झाल्यावर तिसऱ्या दिवशी मुहाचाच्या झाडाखाली घरची बैठक बसली. गावप्रमुख होता, वैदू होता, तेते मधोमध. प्रश्न एकच होता. न्झुझूंनी पोर सोडली ती मरायला टेकलेली, म्हणजे घरातलं कोणीतरी रडलं. कोण?

तेतेने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मायगुरू उठली.

"मी रडले."

"कधी?"

"मुसासाला पालवी आली तेव्हा."

"हिशोब बरोबर बसतो," वैदू म्हणाला.

"का रडलीस? एवढी वर्षं दम धरलास आणि शेवटच्या घटकेला?" गावप्रमुखाने जरा मायेनेच विचारलं.

"पाणमांजराची पिल्लं बघितली," मायगुरू म्हणाली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. "तिथे बसून मला बरं वाटायला लागलं होतं. पोर नव्हती तरी बरं वाटायला लागलं होतं. कधी कधी दिवसभर तिची आठवणही यायची नाही. त्या दिवशी तर मी सुखाने रडले. ते न्झुझूंनी बघितलं असेल. म्हणाल्या असतील, हिला पोर कशाला हवी?"

"पोर खाली मरत होती," तेते सावकाश म्हणाली, "आणि ही वर मांजराची पिल्लं बघून सुखावत होती."

तिच्यापाशी बसून हलके झालेले पंधरा-वीस जण त्या झाडाखाली होते. शेजारीण म्हणाली, "मला तेव्हाच अंगावर काटा आला होता हो तिथे. बाहेरून गार, पण काहीतरी वाईट होतं त्या जागेत." माझ्या पाठीवर धाकटी बांधलेली होती आणि डाव्या बाजूला नवरा होता. दोन वाक्यं पुरली असती. ती दोन वाक्यं माझ्या घशापर्यंत आली, आणि तेतेने नेमकं तेव्हाच माझ्याकडे बघून विचारलं, "तू पीठ न्यायचीस. तुला काही दिसलं होतं?"

"नाही, तेते," मी म्हटलं.

निकाल लागला. काळा बोकड डोहाला द्यायचा. झोपडी जाळायची. मायगुरूने पुन्हा त्या रानात पाऊल टाकायचं नाही, आणि या घरातही राहायचं नाही. तिने माहेरी भावाकडे जावं. तिचा भाऊ खालच्या सपाट मुलखात राहतो, जिथे नदी नाही, डोंगर नाही, कापसाच्या शेतांशिवाय काही नाही. तिने निकाल ऐकून टाळ्या वाजवून मान दिला, जसा बायकांनी द्यायचा असतो. फक्त डोहाचं नाव आलं तेव्हा तिचे हात मध्येच थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रस्त्यापर्यंत पोचवायला मला धाडलं. तासाभराची वाट. तिने डोक्यावर बोचकं घेतलं होतं आणि रानाच्या बाजूला न बघता चालत होती. अर्ध्या वाटेवर मला राहवेना. आता ती जाणारच होती, तेतेपर्यंत काही पोचणार नव्हतं. एवढा हिशोब करूनच मला कळवळा आला हेही लिहून ठेवते.

"मायगुरू, तुमच्या रडण्याने ती मेली नाही."

"गप चाल."

"ती डोहात नव्हतीच. मुतारेत होती. झगा ठेवून जा म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

ती चालत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. रस्ता दिसायला लागला तेव्हा तिने विचारलं, "मुतारेला बस किती वेळ घेते?"

"सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला पोचतं."

"मी डोहाकाठी बसते हे तिला ठाऊक होतं?"

खोटं बोलायची वेळ ती होती. नऊ वर्षं सरावलेली जीभ, आणि नेमकं तेव्हाच मला खरं बोलावंसं वाटलं. "हो. मी कळवलं होतं."

मायगुरूने बोचकं खाली ठेवलं. तिने मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं. जुन्या मायगुरूने मारलं असतं, केस उपटले असते, रस्त्यावर गाव गोळा केलं असतं.

"हे मला का सांगितलंस?"

"तुमच्या माथी नसता दोष नको म्हणून."

"दोष होता तोवर पोर माझ्याजवळ होती," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी काठावर आणि ती पाण्यात. माझ्या चुकीने गेली, पण माझ्याजवळून गेली. आता तू दोष काढून घेतलास, सेकेसाय, आणि पोरही घेऊन गेलीस."

मी गुडघ्यांवर बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने विचारलं, "जाताना काही बोलली?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

"बरं."

बस आली. बोचक्याला तिने मला हात लावू दिला नाही. स्वतःच चढली, खिडकीशी बसली, आणि बस हलली तसा तिने हंबरडा फोडला, असा की बसमधली माणसं उठून उभी राहिली. वळणापर्यंत तो ऐकू येत होता. थांब्यावर रताळी विकणाऱ्या बायकांना सगळी हकीकत आधीच कळलेली होती.

"बघा, आता रडतेय," त्यांतली एक म्हणाली. "तेव्हा आवरलं असतं तर पोर जगली असती."

मी तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.